'अ बॉय नेम्ड सू' : त्या बापाचं बरोबर होतं का?

कोकणकडा

अमेरिकन गायक जॉनी कॅशचं 'अ बॉय नेम्ड सू' इथे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. १९६९ सालचं गाणं. अमेरिकेच्या 'कंट्री', म्हणजे तिथल्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या यादीत पहिलं आलं आणि 'हॉट १००' या मुख्य यादीत दुसरं. कॅशचं दुसरं कुठलंच गाणं त्या यादीत इतकं वर गेलं नाही.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. पोरगा तीन वर्षांचा असताना बाप घर सोडून जातो. मागे ठेवतो एक जुनी गिटार आणि दारूची रिकामी बाटली. पण जाण्याआधी पोराचं नाव ठेवून जातो 'सू', म्हणजे चक्क बाईचं नाव. मुली फिदीफिदी हसतात, मुलं चिडवतात आणि हा प्रत्येकाला भिडत मोठा होतो. मुठी टणक होतात, डोकं तल्लख होतं. गावोगाव भटकताना त्याचा एकच पण असतो की हे नाव ठेवणारा सापडला की त्याला जिवंत सोडायचा नाही.

टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला, भर जुलैत, तो घसा ओला करायला एका गुत्त्यात शिरतो, तर समोर पत्ते वाटत म्हातारा बसलेला. आईजवळ एक जुना विटका फोटो होता, त्यावरून हा बापाला ओळखतो. गालावरचा व्रण आणि ती नजर. मग जी जुंपते! म्हातारा चाकू काढून याच्या कानाचा तुकडा उडवतो, हा खुर्ची उचलून त्याच्या तोंडावर हाणतो, दोघं भिंत फोडून रस्त्यावर येतात आणि चिखल, रक्त, बिअर यांत लोळतात. शेवटी पोराचं पिस्तूल आधी बाहेर येतं. तेव्हा बाप हसतो. म्हणतो, जग कठीण आहे, मी जवळ नसणार हे मला ठाऊक होतं, म्हणून ते नाव दिलं. त्या नावानेच तुला घडवलं, तेव्हा मला मारण्याआधी आभार मान. पोराचा गळा दाटून येतो, पिस्तूल खाली पडतं, तो बापाला मिठी मारतो.

आणि शेवटी काय, तर मला कधी मुलगा झाला तर त्याचं नाव बिल ठेवीन, जॉर्ज ठेवीन, काहीही ठेवीन, पण सू नाही!

माझं म्हणणं असं की गाण्याचा खरा निकाल या शेवटच्या ओळीत आहे. मिठी मनापासून आहे, पण 'पोराला जगात दणके खायला सोडलं की तो मर्द होतो' हे बापाचं तत्त्व पोराने स्वतःच्या घरात शिरू दिलेलं नाही. माझ्या मित्रमंडळींत मात्र हे गाणं 'बाप असावा तर असा' म्हणून वाजवतात. तुम्हाला काय वाटतं?

चिवडा

बिल किंवा जॉर्जला दर वेळी हसू फुटतं. चहा ठेवलाय, बसतो इथेच.

हेमाडपंती

फार आवडता विषय काढलात. थोडी पार्श्वभूमी देतो, कारण हे गाणं कुठे गायलं गेलं हे कळल्याशिवाय त्यातली गंमत अर्धीच कळते.

शब्द आणि चाल शेल सिल्व्हरस्टाइन यांची. होय, लहान मुलांसाठी 'द गिव्हिंग ट्री' लिहिणारे तेच. ते 'प्लेबॉय'मध्ये व्यंगचित्रंही काढायचे. कॅशचं घर नॅशव्हिलजवळ हेंडरसनव्हिलला तळ्याकाठी होतं. तिथे गाणाऱ्या-लिहिणाऱ्या मित्रांची बैठक जमायची, गिटार हातोहाती फिरायची आणि ज्याच्या हाती येईल त्याने आपलं नवं गाणं म्हणायचं. अशाच एका बैठकीत सिल्व्हरस्टाइन यांनी हे म्हटलं. त्यानंतर लवकरच, २४ फेब्रुवारी १९६९ला कॅशचा कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात कार्यक्रम होता. निघताना जून कार्टरने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या गाण्याचा कागद सोबत घ्यायला सांगितला.

कॅशला गाणं पाठ नव्हतं. त्याने कागद समोर ठेवला आणि वाचत वाचत म्हटलं. साथीदारांनी तालीमही केलेली नव्हती. म्हणून ते गायल्यापेक्षा सांगितल्यासारखं वाटतं, मागे गिटार आणि ढोल नुसते चालत राहतात. आपण रेकॉर्डवर ऐकतो तो तोच प्रयोग. मध्येच खदाखदा हसणारे, आरोळ्या ठोकणारे आहेत ते खरे कैदी. ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने कार्यक्रमाचं चित्रीकरण केलं, म्हणून तो आज पाहताही येतो.

आता मूळ प्रश्न. तिथे बसलेल्या माणसांना 'मारामारी करून मर्द झालो' ही गोष्ट नवी नव्हती. त्या वाटेने चालत ते कुठे पोचले ते त्यांच्या अंगावरच्या कपड्यांवरून दिसत होतं. अशा श्रोत्यांसमोर बापाची शेखी टिकते का? मला तरी कोकणकडा यांचं पटतं.

अण्णा_बारामतीकर

मी उलट बाजूचा. बाप बरोबर होता.

आमच्या वडिलांनी मला पोहायला कसं शिकवलं? पाठीला डबा बांधला आणि विहिरीत दिला ढकलून. नाकातोंडात पाणी गेलं, आरडाओरडा केला, वर आलो की पुन्हा ढकललं. सुट्टी संपेपर्यंत डबा सुटला आणि मी वरून सूर मारायला लागलो. आजही कुठल्याही पाण्याची भीती वाटत नाही. हल्ली पोरांना चष्मा, टोपी, फुगे, शिक्षक सगळं लागतं आणि तरी काठाला धरून बसतात. सूच्या बापाने त्याच्याकडे जे होतं ते दिलं. पैसा नव्हता, जवळ राहण्याची दानत नव्हती, मग निदान असं काही दिलं की पोरगा कुणापुढे झुकणार नाही. आणि गाण्यात पोरगा स्वतः कबूल करतो. गळा उगाच दाटून येत नाही माणसाचा.

रेवाक्का

अण्णा, तुम्हाला ढकलल्यावर तुमचे वडील कुठे होते? विहिरीच्या काठावरच ना? आणि पाठीला डबाही त्यांनीच बांधलेला. सूच्या बापाने ढकललं आणि तो गाव सोडून गेला. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

चिवडा

रेवाक्का, एक नंबर! अण्णा, आता बोला.

अण्णा_बारामतीकर

मुद्दा चांगला आहे, रेवाक्का. वडील काठावर होते, धोतर वर खोचून. एकदा उडीही मारली होती माझ्यासाठी. पण सगळ्यांच्या नशिबी काठावर उभा राहणारा बाप नसतो. नसेल त्याने काय करायचं याचं उत्तर हे गाणं देतं, असं मला वाटतं.

माजघर

नावावरून आठवलं. आपल्याकडे पोरं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचे. काही घरांत मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, मृत्यू फसेल. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ धोंडूच होते. ओंगळ किंवा बायकी नाव म्हणजे कवच, अशी समजूत. सूच्या बापाचंही तसंच काहीसं आहे, फक्त इथे शत्रू मृत्यूऐवजी जग आहे. त्यामुळे मला ही गोष्ट परकी वाटलीच नाही.

सातारी_कंदी

माजघर, धोंडू नावामागे पोरगं जगावं ही आस होती. आमच्या जिल्ह्यातली 'नकुशी'ही आठवा. मुलगा हवा असताना मुलगी झाली की हे नाव. तिचं रक्षण करायला कुणी ते ठेवलं नव्हतं. २०११च्या ऑक्टोबरात साताऱ्यात कार्यक्रम घेऊन २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. शाळेत हजेरीला रोज उठून 'मी नको असलेली' असं सांगायचं म्हणजे काय, हे सूपेक्षा या मुलींना जास्त ठाऊक. आणि त्यांच्या हातात ना पिस्तूल होतं ना खुर्ची.

एवढं सांगून मी गाण्याकडे वळते. गाणं मला आवडतं. पण 'नाव वाईट होतं म्हणून मी घट्ट झालो' हे तोच म्हणू शकतो जो त्यातून वर आला. जे आले नाहीत त्यांचं गाणं कोण लिहिणार?

मुक्काम_पोस्ट_ऑस्टिन

सातारी_कंदी, शेवटचं वाक्य काळजाला लागलं.

शीतल_सांगलीकर

या धाग्यावर मी लिहिलंच पाहिजे! माझं नाव शीतल. मी पुरुष आहे, मिशाही आहेत.

सांगली-कोल्हापूरच्या जैन घरांत शीतल हे मुलाचं नाव अगदी नेहमीचं. दहावे तीर्थंकर शीतलनाथ, त्यांच्यावरून. आमच्या गल्लीत शीतल नावाचे पहिलवान होते, शीतल नावाचे ट्रॅक्टरवाले होते. बारावीपर्यंत या नावात हसण्यासारखं काही आहे हे मला माहीतच नव्हतं.

मग पुण्याला कॉलेजात आलो. हजेरी घेताना सर मुलींच्या बाकांकडे बघायचे. वसतिगृहाच्या यादीत माझं नाव मुलींच्या इमारतीत लागलं होतं आणि पेटी घेऊन मी फाटकावर पोचलो तेव्हा तिथल्या मावशी काठी घेऊनच आल्या. पहिलं वर्षभर पोरांनी पिडलं. एकदा मीही एकाची कॉलर धरली.

पण सूच्या बापाशी मी सहमत नाही. त्या वर्षाने मला मर्द वगैरे केलं नाही. मित्र मिळाले आणि त्यांच्यासोबत मीही हसायला लागलो, तेव्हा त्रास संपला. नाव तेच होतं सांगलीत आणि पुण्यात. सांगलीत ते देवाचं नाव होतं, पुण्यात ती थट्टा झाली. म्हणून माझा राग नाव ठेवणाऱ्या आई-वडिलांवर कधीच गेला नाही. सूच्या गावात चार पुरुष सू नावाचे असते तर बापाची युक्ती तिथेच फसली असती.

चिवडा

काठीवाल्या मावशी!! 😂😂 शीतलराव, यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

हेमाडपंती

शीतल, तुमच्यासारखेच एक गृहस्थ खरोखर टेनेसीत होते. न्यायाधीश सू हिक्स. जन्म १८९५. आई बाळंतपणात गेली म्हणून तिचं नाव मुलाला दिलं. १९२५ साली डेटन गावात उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर प्रसिद्ध खटला चालला, त्यात हे सरकारी बाजूच्या वकिलांपैकी होते. गाण्याच्या शीर्षकामागे त्यांचं नाव असावं असं सांगतात. दुसरी सांगितली जाणारी गोष्ट सिल्व्हरस्टाइन यांचे मित्र जीन शेफर्ड यांची. जीन हे नाव बायकी वाटतं म्हणून त्यांना लहानपणी चिडवायचे.

हिक्स यांच्या नावामागे आईची आठवण होती, गाण्यातल्या नावामागे बापाचा डाव. एकाच नावाच्या दोन टोकाच्या गोष्टी.

रेवाक्का

आईचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलते. या गाण्यात आई दोनदा येते. एकदा बाप तिला आणि पोराला सोडून जातो तेव्हा, आणि एकदा तिच्याजवळच्या फोटोपुरती. बस. त्या पोराला भरवलं कुणी, मारामारी करून आल्यावर ओठ पुसला कुणी, शिवण उसवलेला सदरा शिवला कुणी? बाप पत्ते पिसत होता तेव्हा हे सगळं एक बाई करत होती. श्रेय मात्र नाव ठेवणाऱ्याला! आभार मान म्हणे.

मी हे गाणं वाईट म्हणत नाही. हसते, पुन्हा ऐकते. पण पोरगा बापाला शोधत हिंडला तसा एक दिवस आईकडे परत गेला असेल का, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

अण्णा_बारामतीकर

हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. बरोबर बोललात.

टेनेसीची_मंजू

आम्ही नॉक्सव्हिलला राहतो, गॅटलिनबर्ग आमच्या अंगणात. ऑक्टोबरात पानं रंगली की अटलांटा, शार्लटकडची सगळी मराठी मंडळी गाड्या भरभरून इकडे येतात. डब्यात पुरणपोळ्या, बाकरवड्या, आणि स्मोकी पर्वतात शिरायची ही रांग! गावात आता गुत्ते शोधावे लागतील, पण पॅनकेकची दुकानं पावलापावलाला. रस्त्यावर चिखलही नाही, म्हणजे त्या दोघांना आज लोळायचं झालं तर मेपलच्या पाकात लोळावं लागेल.

नॅशव्हिलला गेलात तर जॉनी कॅशचं संग्रहालय पाहा, २०१३ साली उघडलं. हेंडरसनव्हिलचं ते तळ्याकाठचं घर मात्र २००७च्या एप्रिलमध्ये आगीत जळालं.

भ्रमर

मी थोडा वेगळा सूर लावतो. कंट्री म्हणजे सगळी मर्दानगीची जाहिरात: ट्रक, बंदूक, बिअर, घोडा. ब्रॅड पेझलीचं 'आय ॲम स्टिल अ गाय' घ्या. २००८ साली कंट्री यादीत पहिलं होतं. तुला हरिण दिसलं की गोड पाडस आठवतं, मला भिंतीवर लावायची शिंगं दिसतात, असा सगळा मामला. मग चेहऱ्याला मलम लावणाऱ्या, नखं घासणाऱ्या पुरुषांची टिंगल. ऐकायला मजेशीर, पण एका साच्याबाहेरच्या पुरुषावर हसणंच ना ते? सूमध्येही विनोद तिथूनच सुरू होतो. बाईचं नाव पुरुषाला म्हणजे अपमान, हे गृहीतच धरलेलं. 'मुलीसारखा रडतोस काय' हे आपण पोरांना म्हणतो, तेच हे.

मुक्काम_पोस्ट_ऑस्टिन

भ्रमर, पेझलीच्या गाण्याबद्दल अर्धा सहमत. त्यातला पुरुष बायकोच्या मागे तिची पर्स सांभाळत उभा राहतो, तिचं कुत्रं फिरवतो, तिच्यासाठी बरंच काही करतो, आणि तरी 'मी मी आहे' म्हणून हट्टाने सांगत राहतो. मला त्यात बायकोवरचं प्रेमच जास्त दिसतं.

आणि कंट्रीला एका दावणीला बांधू नका. हेच क्षेत्र बायकांनीही गाजवलंय. १९५२ साली एका पुरुषाचं गाणं आलं, बायको घर सोडून बारच्या झगमगाटाकडे गेली म्हणून रडगाणं. त्याला किटी वेल्सने गाण्यातूनच उत्तर दिलं, की अशा बायका देवाने घडवल्या नाहीत, लग्न झालेले असून कुवार असल्यासारखं वागणारे पुरुष त्याला कारण आहेत. एकट्या गायिकेचं गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं आलं ते त्या वेळी, पहिल्यांदाच. मग लोरेटा लिन. नवरा पिऊन घरी येऊन लाडात यायला बघतो, त्याला तिने १९६७ साली सगळ्या अमेरिकेसमोर ठणकावलं. १९७५ साली गर्भनिरोधक गोळीवर गायली तेव्हा कित्येक रेडिओ केंद्रांनी ते गाणं लावायचं नाकारलं. आणि शनाया ट्वेन! रॉकेट शास्त्रज्ञ आहेस, देखणा आहेस, गाडी आहे, बरं मग? आमच्या घरी बायको भांडणात मला हेच ऐकवते आणि मी कोरस धरतो.

जास्वंद

ऑस्टिनकर, लोरेटा लिनचं नाव घेतल्याबद्दल कडकडून टाळ्या. केंटकीतल्या खाणकामगाराची मुलगी, कोवळ्या वयात लग्न, पाठोपाठ मुलं, आणि आवाज मात्र कुणाच्या बापाला न घाबरणारा. तिची गाणी ऐकताना मला ओवीतल्या बाया आठवतात. नवऱ्याला, सासूला, दिराला जात्यावर बसून बेधडक बोलणाऱ्या.

भ्रमर

मान्य, कंट्रीत बायकांचा आवाज मोठा आहे. पण सूबद्दलचं माझं म्हणणं तसंच उभं आहे.

हेमाडपंती

भ्रमर, तुमच्या म्हणण्यावर विचार करत होतो. विनोदाची सुरुवात तिथून होते हे खरं. पण गाणं थट्टा कुणाची करतं? नाव धारण करणाऱ्याची नाही. त्याच्या प्रत्येक मारामारीत आपण त्याच्याच बाजूने असतो. थट्टा होते ती नावावरून हसणाऱ्यांची, आणि शेवटी दोन धिप्पाड पुरुष चिखलात लोळून, कान तोडून, दात पाडून जिथे पोचतात त्या जागेची, म्हणजे मिठीची. मिठीच मारायची होती तर एवढा उपद्व्याप कशाला! या दोघांना प्रेम दाखवायला मारामारीवाचून दुसरी रीत येत नाही, हे सिल्व्हरस्टाइन यांनी अचूक पकडलंय.

कॅशच्या स्वतःच्या आयुष्यातही याचे धागे आहेत. अर्कान्सातलं डायेस गाव, कापसाची शेती, कडक स्वभावाचे वडील. १९४४ साली थोरला भाऊ जॅक करवतीच्या अपघातात गेला, ते दुःख घरात कायमचं राहिलं. वडील रे कॅश यांच्या कठोरपणाबद्दल त्याने पुढे लिहिलंय. म्हणून त्याच्या तोंडी बापाला हाक मारणारी ओळ येते तेव्हा आवाज थट्टेचा राहत नाही. पुन्हा ऐका तो भाग.

कोकणकडा

हेमाडपंती, सुंदर. शीतल आणि सातारी_कंदी यांच्या प्रतिसादांनी तर धागा माझ्या कल्पनेच्या फार पुढे गेला.

आणखी एक माहिती. १७ एप्रिल १९७०ला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी कॅशला व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावलं. त्याच दिवशी अपोलो १३चे अंतराळवीर सुखरूप समुद्रात उतरले होते. निक्सन यांच्याकडून तीन गाण्यांची फर्माईश आली होती, त्यांतलं एक हे. उरलेली दोन इतरांची होती: एकात सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांची टवाळी, दुसऱ्यात हिप्पींना टोमणे. ती दोन कॅश गायला नाही. 'सू' मात्र गायला. माझ्या दृष्टीने ही निवड बोलकी आहे. दुबळ्यांवर हसणारं गाणं नको, बाप-लेकाच्या वेडेपणावर हसणारं चालेल.

त्याच्या दीड महिना आधी, मार्च १९७०मध्ये, कॅशला मुलगा झाला होता. आधीच्या लग्नातल्या चार मुलींनंतरचा पहिला मुलगा. नाव ठेवलं जॉन कार्टर. वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव, दोन्ही.

चिवडा

बिल नाही, जॉर्ज नाही, पण सू नक्कीच नाही!

केवडा_८१

नवीन सभासद आहे, पहिलाच प्रतिसाद. बापाची बाजू सांगणारं गाणं कुणी लिहिलंय का?

हेमाडपंती

केवडा, स्वागत. खुद्द सिल्व्हरस्टाइन यांनीच १९७८ साली बापाच्या तोंडून एक उत्तर लिहिलं. पण ते फार अचकट आहे, मूळ गाण्यातली माया त्यात शोधून सापडत नाही. मुलांसमोर लावू नका. मूळ गाण्याला १९७०च्या ग्रॅमीत लेखनासाठी सिल्व्हरस्टाइन यांना आणि गायनासाठी कॅशला, अशी दोन पारितोषिकं मिळाली. तेच ऐका.

निळूभाऊ_गदगेकर

उशिरा आलो, सगळं वाचलं. बेळगावकडचा आहे, तालमीत वाढलो. माझं मत अण्णा आणि रेवाक्का यांच्या मधलं.

तालमीत वस्ताद पोराला धोबीपछाड घालून आपटतात. पाठ लालबुंद होते. पण आपटल्यावर तेच वस्ताद पाठीला तेल चोळतात आणि थंडाईचा पेला हातात देतात. मी पाहिलंय, ज्या पोरांना नुसतं आपटलं आणि तेल कुणी चोळलं नाही, त्यांतली बरीच आखाडा सोडून गेली. काही गावात गुंडगिरी करत हिंडली. घट्ट तीही झाली होती, पण कामाची राहिली नाहीत.

सू गुत्त्यात शिरला तेव्हा तसाच होता. घट्ट, पण खून करायला निघालेला. बापाच्या नावाने तो तिथवर पोचला. पिस्तूल खाली पडलं ते नावामुळे नाही. समोरच्या म्हाताऱ्याने पहिल्यांदाच त्याच्याशी दोन शब्द बोलले, त्यामुळे. तेवढंच आधी बोलला असता तर?

अण्णा_बारामतीकर

निळूभाऊ, मानलं. 'जगाने तापवलं की पोरगं पक्कं होतं' एवढं मी अजूनही धरून ठेवतो, पण तेल चोळणारा हात हवा हे कबूल. नातवाला येत्या सुट्टीत विहिरीवर नेणार आहे. डबा बांधणार आणि मीही पाण्यात उतरणार.

रेवाक्का

अण्णा, आता जमलं. नातवाचं नाव काय?

अण्णा_बारामतीकर

रणवीर. त्याची बहीण रेवा, ती तर आधीच पोहते.

केवडा_८१

सॅन क्वेंटिनचं रेकॉर्डिंग आत्ताच ऐकलं. बाप-लेक समोरासमोर येतात तिथे एका शिवीवर शिट्टीसारखा आवाज येतो. ती शिवी मूळात आहे की तिथेही तसंच?

मुक्काम_पोस्ट_ऑस्टिन

मूळ प्रयोगात शिवी आहे, १९६९च्या रेकॉर्डवर ती झाकली होती. २०००साली त्या कार्यक्रमाची पूर्ण आवृत्ती निघाली, त्यात न झाकता ऐकू येते. ती मिळवा. त्या जागी कैद्यांचा जो गलका होतो तो झाकलेल्या आवृत्तीत अर्थच लावता येत नाही असा वाटतो.

शीतल_सांगलीकर

ऑस्टिनकर, धन्यवाद. आज रात्री कॉलेजातल्या जुन्या टोळक्याला पाठवतो. ज्याची कॉलर धरली होती त्याला सगळ्यात आधी.